सोडियम बॅटरी: बातमीतला आकडा आणि खिशातला आकडा

मी सॉफ्टवेअरवाला. कुठलाही बेंचमार्क दिसला की मी आधी विचारतो, रोजच्या वापरात हे टिकेल का? आज हाच प्रश्न सोडियम-आयन बॅटरीला विचारू या.

तुमच्या फोनच्या लिथियम बॅटरीत ॲनोड असतो ग्रॅफाइटचा. सोडियम स्वस्त, अगदी मिठातसुद्धा आहे, पण ग्रॅफाइटच्या थरांत तो जवळजवळ शिरतच नाही. कारण फक्त आकाराचं नाही हां! त्याहून मोठा पोटॅशियम तिथे बसतो. सोडियम-कार्बनची जोडी ऊर्जेच्या हिशेबातच जुळत नाही.

म्हणून सध्या बहुतेक ठिकाणी हार्ड कार्बन वापरतात. तो ग्रॅममागे साधारण ३०० मिलीअँपिअर-तास देतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कागदावरचा आकडा मात्र ६७०. दुपटीहून जास्त! मग अडतंय कुठे?

चार्ज होताना सोडियम गंधकाला ओढून घेतो, सोडियम सल्फाइड बनतं आणि धातू सुटा होतो. या गडबडीत कण भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगतो, डिस्चार्जला आकसतो. असं शेकडो वेळा झालं की तडे जाणारच. त्यावर उपाय म्हणजे कण नॅनो आकाराचे करायचे आणि कार्बनमध्ये गुंफायचे. लहान कण सहज तडकत नाही. कार्बन फुगायला जागा देतो, वीजही वाहून नेतो.

पण याची किंमत मोजावी लागते. पहिल्या चार्जला ॲनोडवर एक पातळ थर धरतो, दुधावरच्या सायीसारखा. पातेल्यातलं दूध दहा वाट्यांत ओतलं तर एकूण साय जास्त धरेल ना? तसंच कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि तितका सोडियम त्या थरात अडकतो. तो परत येत नाही. बॅटरीतला सगळा सोडियम कॅथोडमधूनच येतो, म्हणजे नुकसान कायमचं. त्यात सल्फाइडचा ॲनोड हार्ड कार्बनपेक्षा जास्त व्होल्टेजवर काम करतो, म्हणून अख्ख्या सेलचं व्होल्टेज घटतं.

२०२३ मध्ये पुण्यात केपीआयटीने आयसरसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. म्हणजे या बातम्या आता आपल्या दारात आल्यात. पुढची बातमी फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा: पहिल्या चार्जला किती गेलं? मोजमाप पूर्ण सेलमध्ये केलं, की समोर सोडियम धातूचा भरपूर साठा ठेवून? आणि ५०० चार्जनंतर उरलं किती?

तिन्हींची उत्तरं मिळाली, तर बिनधास्त फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!