किल्ली कोणाच्या हाती?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'संगणकाचं नेमकं काय काम करतोस?' असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. त्या कामातला एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचावा, त्यात सुधारणा सुचवावी असं सॉफ्टवेअर. पण ती सुधारणा मूळ प्रतीत चढवायचा अधिकार मोजक्यांनाच असतो. त्यांना 'कमिटर' म्हणतात. १ मे २००३ ला सुरू झालेल्या आपल्या मराठी विकिपीडियावर 'प्रचालक' निवडतानाही प्रश्न हाच असतो : किल्ली कोणाला द्यायची?

ज्याचं काम जास्त त्याला, हे सोपं उत्तर. पण अकोटच्या बाजारात कापसाला नुसत्या वजनावर भाव मिळत नाही. ओलावा, कचरा, धाग्याची लांबी पाहतात. तसंच शंभर किरकोळ दुरुस्त्यांपेक्षा एक अवघड चूक शोधणं मोलाचं ठरू शकतं. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये माहिती लिहिणं, नवख्यांच्या शंका सोडवणं हेही काम धरतात. शिवाय अधिकार व्यक्तीला मिळतो, तिच्या कंपनीला नाही.

मग चांगलं काम आणि चिकाटी एवढं पुरे? 'एक्सझेड' हे फाइली लहान करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स संगणकांवर असतं. ते सांभाळणारा माणूस एकटा होता, थकला होता. 'जिया तान' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ नेटकं काम केलं, अधिकार मिळवले आणि त्यात चोरवाट ठेवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ ला ती उघड केली.

यावर कोणी म्हणेल, ओळखीच्यांनाच किल्ली द्या. मला ते पटत नाही. ओळख हाच निकष झाला, तर अकोटच्या मुलीची वाट बंद. पुण्या-बंगळुरात तिचं कोणी नाही. तिच्याजवळ आहे ते फक्त काम.

म्हणून निकष आधी लिहून जाहीर करावेत. निर्णय एकट्याने घेऊ नये. नकार दिला तर कारण सांगावं. आणि अधिकार मिळाल्यावरही प्रत्येकाचा बदल दुसऱ्याने तपासावा, माणूस जुना असो की नवा.

हे शेवटचं आपल्या गुरुजनांना नवं नाही. पहिल्या नंबरच्या मुलाचा पेपरही ते तेवढ्याच बारकाईने तपासत. त्यात अविश्वास नव्हता, सगळ्यांना एकच माप होतं.