लेपाखालचे पोलाद



परिषदेच्या अध्यक्षाने प्रारंभी आभार मानावेत आणि मग आपली अपात्रता विस्ताराने सांगावी, असा जो शिरस्ता आपल्याकडे पडला आहे, त्यातील पहिला भाग मी मनःपूर्वक पाळतो आणि दुसरा गाळतो. कारण ज्यांनी निवड केली त्यांच्या विवेकावर त्यात नकळत ठपका येतो.

आपल्या डाय-कास्टिंगच्या ओतकामाचा या प्रांतातील एक पूर्वज छापखान्यात सापडतो, याचे स्मरण आपल्या सभांतून क्वचितच होते. जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखान्यासाठी देवनागरीचे जे डौलदार खिळे ओतविले, त्या खिळ्यांचा धातू मुख्यतः शिशाचा. आणि शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळत असून त्याच्या रसात लोखंड जवळजवळ विरघळतच नसल्यामुळे, साच्याच्या पोलादाला रसापासून वाचवावे कसे, हा प्रश्न त्या ओतकऱ्यांपुढे कधी उभा राहिला नाही. जस्ताशी व्यवहार अधिक सावधपणे करावा लागतो, तरी त्याच्या मिश्रधातूंच्या यंत्रांत लोखंडी पंप रसात बुडवून ठेवण्याइतकी सवलत मिळते. ॲल्युमिनियम तीही देत नाही. 660 अंशाला वितळणारा हा हलका आणि दिसावयास सोज्वळ धातू लोखंडाचा इतका लोभी आहे, की त्याच्या रसात पोलादी पंप कायम ठेवणे म्हणजे तो पंप हळूहळू मालात मिसळून विकणे होय. म्हणूनच त्याच्यासाठी रसाची भट्टी यंत्रापासून वेगळी ठेवून प्रत्येक शॉटचा, म्हणजे एका वेळच्या ओतीचा, धातू पळीने यंत्राच्या स्लीव्हमध्ये ओतण्याची पद्धत रूढ झाली. चाकण, भोसरी, वाळूज येथे आज जी शेकडो टनांची यंत्रे धडधडत आहेत, त्यांच्या रचनेमागे या एका धातूचा हा स्वभाव आहे.

भट्टी वेगळी केली, तरी डाय, म्हणजे ज्यात रस भरावयाचा तो पोलादी साचाच, वेगळी कशी करणार? गेटमधून, म्हणजे डायच्या प्रवेशमुखातून, रस सेकंदाला 30 ते 60 मीटर वेगाने आत येतो आणि समोर जी कोअर पिन असेल तिच्यावर आदळतो. या माऱ्याने पिनेचा पृष्ठभाग धुपतो, वरचे वंगण आणि ऑक्साइडचा पातळ पापुद्रा निघून जातो, उघड्या पडलेल्या लोखंडाशी ॲल्युमिनियमचा संयोग होऊन ठिसूळ आंतरधातूंचा थर जमतो, आणि ‘माल चिकटतो’ ही यंत्रावरच्या कामगाराची नित्याची फिर्याद तेथे जन्मास येते. या व्यवसायातील चतुर लोकांनी धातूच्या या लोभावर फार पूर्वीच एक उपाय योजला: ओतावयाच्या मिश्रधातूतच लोखंड साधारण 1 टक्क्याच्या आसपास राहू द्यावयाचे, म्हणजे आधीच तृप्त झालेला रस साच्याच्या लोखंडाकडे कमी वळतो. मालाचा चिवटपणा त्याने घटतो, हा त्या सौद्याचा दुसरा रकाना. आणि मोटारीच्या सांगाड्याचे भाग ओतणाऱ्यांना, ज्यांना चिवटपणा हवाच असतो, लोखंडाची ही तरतूद परवडत नाही. तेव्हा रसाला तृप्त ठेवता येत नसेल, तर पोलादाला झाकावे लागते.

झाकण्याची कला दोन प्रकारची आहे. पहिली नायट्रायडिंगची: सुमारे 500 ते 550 अंशांच्या भट्टीत अमोनिया वायूतील नायट्रोजन पोलादात मुरवावयाचा. जर्मनीत क्रुप कारखान्यातील ॲडॉल्फ फ्राय यांनी 1920 नंतरच्या काळात तिला शास्त्रीय पाया दिला, आणि आजही ती आपल्या टूलरूमची पहिली सनद आहे. दुसरी निर्वात कक्षातील लेपाची, जिला आपण सर्वजण पीव्हीडी म्हणतो. हिच्यात क्रोमियम किंवा टायटॅनियम यांसारख्या धातूची विद्युत्-ज्योतीने वाफ करून, आत सोडलेल्या नायट्रोजनशी तिचा संयोग घडवून, काही थोड्या मायक्रॉनांचा कठीण थर कामावर बसविला जातो. डायसाठी वापरले जाणारे एच-13 पोलाद टेम्परिंगच्या वेळी 550 ते 600 अंशांच्या आसपास तापविलेले असते आणि पीव्हीडीचे तापमान त्याहून खाली राहू शकते, हा तिचा मोठा गुण. हजार अंशांच्या आसपास रासायनिक वाफेने लेप देण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात लेपानंतर पोलादाला पुन्हा पाणी द्यावे लागते आणि तयार डाय वाकडी होण्याची धास्ती राहते.

रंगाविषयी एक शब्द. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप गिऱ्हाइकाला फार मोहात पाडतो, आणि ड्रिलच्या अंगावर तो शोभतोही. परंतु 500 अंशांच्या पुढे तो हवेत ऑक्सिडाइज होऊ लागत असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या डायसाठी क्रोमियम नायट्राइड किंवा ॲल्युमिनियम-क्रोमियम नायट्राइड हे करड्या रंगाचे, दिसावयास सामान्य लेपच अधिक इमानी ठरतात. सोन्याचे मोल आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. करड्याचे सांगावे लागते.

आता माझ्या मुख्य प्रतिपादनाकडे येतो. लेप उडाला, म्हणजे लेप वाईट होता, असा निकाल आपल्या कारखान्यांत तडकाफडकी दिला जातो, आणि तो बहुधा चुकीच्या आरोपीवर दिलेला असतो. निर्वात कक्षात बसलेला थर कधीच सर्वस्वी अखंड नसतो. त्यात सूक्ष्म छिद्रे आणि वाफेबरोबर उडून आलेले धातूचे कण असतात. रस त्या छिद्रांतून खाली उतरतो, लेपाला हात न लावता खालचे पोलाद खातो, तेथे आंतरधातू फुगतो आणि वरचा थर पापुद्र्यासारखा उचलला जातो. खालचे पोलाद मऊ असले तर दाबाखाली ते दबते आणि वरचा कठीण थर तडकतो. डाय कोरताना स्पार्क मशीनने पृष्ठभागावर सोडलेला ठिसूळ थर पॉलिश करून काढलाच नसेल, तर लेप पोलादावर न बसता त्या कवचावर बसतो आणि त्याच्यासकट निघतो. नायट्रायडिंगचा पांढरा थर तसाच राहू दिला, तरी परिणाम तोच. आपल्या गल्लीतून फिरणारा कल्हईवाला कथील लावण्यापूर्वी भांडे किती वेळ घासतो आणि नवसागराने किती निर्मळ करतो हे ज्याने पाहिले असेल, त्याला यात नवे काही वाटू नये.

शिवाय काही रोगांवर लेपाचा उपायच चालत नाही. तप्त रस आणि लगोलग पाण्याचा फवारा, या क्रमाने पृष्ठभाग हजारो वेळा प्रसरण-आकुंचन पावला, की केसासारख्या भेगांचे जाळे पडणारच. ते लांबणीवर टाकावयाचे असेल तर डाय सुरू करण्यापूर्वी 200 अंशांच्या आसपास तापविणे आणि पाण्याच्या मार्गांची आखणी विचाराने करणे हेच खरे मार्ग आहेत. खोल, अरुंद भोकांत तर पीव्हीडीचा थर नीट पोहोचतच नाही, कारण वाफ सरळ रेषेत चालते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा लेपकार मी फार मोठा मानतो.

डाय मोडीत निघते तेव्हा तिचा पंचनामा कोण करतो? टूलरूम ती वेल्डिंगला पाठविते, लेप देणाऱ्याकडे पुन्हा आली तर ती चिकटलेल्या धातूसकट आणि एका ओळीच्या चिठ्ठीसह येते, आणि प्रत्येक कारखाना आपल्या डायचे दुखणे घरची अब्रू समजून झाकून ठेवतो. परिणामी ज्या उद्योगात एकेका डायकडून लाखभर शॉटची अपेक्षा केली जाते, तेथे तिच्या आयुष्याचे दप्तर नसते. माझी सूचना अशी, की या परिषदेने एक सामाईक नमुना ठरवावा: पोलादाचा दाखला, टेम्परिंगनंतरची कठिणता, स्पार्कचा थर काढल्याची नोंद, नायट्रायडिंगची खोली, लेपाचा प्रकार व जाडी, पहिल्यांदा माल कितव्या शॉटला आणि नेमका कोठे चिकटला, आणि त्या दिवशीच्या रसाचे तापमान. कारखान्याचे नाव त्यात नसावे; म्हणजे अब्रूचा प्रश्न उरत नाही आणि तपशील मात्र सर्वांचा होतो. लेप देणाऱ्यांनीही आपल्या बाजूचा रकाना इमानेइतबारे भरावा. आपला लेप सर्व रोगांवर चालतो असे ज्यांच्या पत्रकात छापलेले असेल, त्यांना तो भरणे थोडे जड जाईल.

या नमुन्याचा मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी आणि ज्यांना त्यातील रकाने अधिक वाटतील त्यांनी ते निःसंकोच खोडावेत, अशी विनंती करून मी पहिल्या निबंधवाचकांना पाचारण करतो.