सल्लागार मंडळातील आपली जागा



सल्लागार मंडळ म्हटले की श्रोत्यांना जांभई येते, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही आज तोच विषय घेतला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला व १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. १९९५ च्या कायद्यातले अपंगत्वाचे सात प्रकार एकवीस झाले, याची वाच्यता पुष्कळ झाली. पण कलम ६६ कोणी वाचीत नाही. राज्य सल्लागार मंडळावर दिव्यांगांच्या संस्थांचे दहा प्रतिनिधी घ्यावयाचे. ते शक्यतो स्वतः दिव्यांग असावेत आणि त्यांत निदान पाच स्त्रिया हव्यात. शिवाय पाच सभासद जिल्ह्यांतून पाळीपाळीने यावयाचे, तेही जिल्हा प्रशासनाच्या शिफारशीने. कलम ७२ ने प्रत्येक जिल्ह्याला समिती दिली आहे.

आता प्रतिनिधी हा संस्थेचा असतो. जेथे संस्थाच नाही, तेथून तो येणार कसा? २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात एकोणतीस लाखांहून अधिक अपंग नोंदले गेले. पण शिरगणतीतला आकडा सभेत हात वर करीत नाही.

आपल्या शिरूर कासारकडे पाहा. दसरा-दिवाळी झाली की येथील टोळ्या उचल घेऊन उसाच्या फडावर जातात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. ज्याला कोयता धरता येत नाही, त्याचा या हिशेबात आकडाच नाही. तो म्हाताऱ्या आईबापांजवळ घरी राहतो, नाहीतर कोपीवर पोरे सांभाळतो. अशा माणसाला हिवाळ्यात बीडच्या बैठकीस बोलावणे म्हणजे न बोलावण्यासारखेच.

संस्था नोंदविण्यास १८६० च्या कायद्याप्रमाणे सात माणसे पुरतात. सात सह्या गोळा करणे सोपे. आणि बहुतेक संस्था तेथेच थांबतात, हेही खरे. आमचे म्हणणे असे की, सभासदांची वही गाववार असावी, वर्गणी नाममात्र असावी, आणि कार्यकारी मंडळात चालता-बोलता येणाऱ्यांचीच भरती होऊ नये. मुक्याबहिऱ्यांचे म्हणणे खुणांची भाषा जाणणाऱ्याकडून ऐकावे. मतिमंद मुलांच्या आयांना मताचा अधिकार द्यावा. त्या आया फार स्पष्ट बोलतात, आणि अध्यक्षांना ते आवडत नाही!

अशा मंडळींनी ग्रामपंचायतीत जाऊन एकच प्रश्न विचारावा: स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्चावयाची असते, ती यंदा कोठे गेली? एकट्याने विचारले तर “उद्या या” म्हणतात. चाळीसजणांच्या ठरावाची प्रत हाती असली, की जावकवही शोधावी लागते.

पहिली सभा अक्षय्य तृतीयेनंतर, टोळ्या परतल्यावर ठेवावी, आणि जागा पायऱ्या नसलेली पाहावी.