कारखान्याचा कोबा

कोथरूड हें एके काळीं पुणें शहराच्या पश्चिमेस वसलेलें एक लहानसें खेडें होतें. पेशवाईंत बांधलेलें मृत्युंजयेश्वराचें देवालय, भोंवतालचीं शेतें व मळे आणि पलीकडे वेताळ टेकडी, एवढा त्याचा पसारा. १९६२ सालीं किर्लोस्कर-कमिन्स ही इंजिनें तयार करणारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना या बाजूस उभा राहिला. वेताळ टेकडीवर मोटारगाड्यांची कसून परीक्षा घेणारी संशोधनसंस्था आली. जेथें मोठा कारखाना येतो तेथें त्याला सुटे भाग पुरविणारीं लेथ, ड्रिल व वेल्डिंगचीं लहान वर्कशॉपेंहि येतातच.

अशा वर्कशॉपाचा मालक बहुधा स्वतः कारागीर असतो. कर्ज काढून त्यानें गाळा घेतलेला असतो, लेथची आगाऊ रक्कम भरलेली असते, आणि यंत्र अमुक तारखेस येणार हें कायम झालेलें असतें. राहतां राहिली ती खालची जमीन. ती कशी होते इकडे त्याचें लक्ष सर्वांत कमी असतें. आणि पुढील वीस वर्षें संसार तर तिच्याशींच करावयाचा असतो.

जमीन बिघडली हें ओळखावयास विद्वान लागत नाहीं. सकाळीं झाडलेली जमीन दुपारीं पुन्हां पांढुरकी दिसते. बोट फिरविलें तर पिठासारखी भुकटी लागते. ती लेथच्या बेडवर पडते, तेलांत कालवली जाते आणि पॉलिश-कागदाप्रमाणें गुळगुळीत पोलादाला घासूं लागते. झाडणाऱ्या पोराच्या नाकातोंडांतहि ती जाते; पण ती नोंद हिशेबाच्या वहींत कोणी करीत नाहीं. मग मालक बोहरी आळींत जातो आणि जमीन कठीण करण्याचें औषध मागतो. औषध मिळतें, पैसे जातात, आणि धूळ बहुधा राहते.

मातीच्या घरांत राहणाऱ्या बायकांना या बाबतींत अधिक कळत असे. जमीन करावयाची म्हणजे त्यांच्या दृष्टीनें दोन निराळीं कामें असत. आधीं माती भिजवून पसरावयाची आणि चोपणीनें चोपावयाची. ती घट्ट बसली म्हणजे मग शेणानें सारवावयाची. चोपण्यानें जमीन कठीण होई, सारवण्यानें तिची धूळ बसे. न चोपलेल्या जमिनीवर कितीहि सारवलें तरी पोपडे निघणारच, हें त्यांना कोणीं सांगावें लागत नसे. चुन्याच्या कोब्याचीहि तीच रीत. घाणींत मळलेला चुना पसरावयाचा आणि मग दिवसचे दिवस लाकडी थाप्यांनीं ठोकीत बसावयाचें. सिमेंट आलें आणि ठोकणें गेलें. त्याबरोबर या दोन कामांतील भेदहि विसरला गेला. आज बाजारांत ‘हार्डनर’ आणि ‘सीलर’ हीं दोन नांवें एका श्वासांत घेतलीं जातात. पहिलें चोपण्याच्या जातीचें आहे, दुसरें सारवण्याच्या.

सिमेंट वाळून कठीण होतें असा सार्वत्रिक समज आहे. चिखल वाळतो, सिमेंट वाळत नाहीं, तें पाणी पितें. पाण्याशीं त्याचा रासायनिक संयोग होतो आणि त्यांतून दगड बनतो. पाणी उडून गेलें कीं हा संयोग थांबतो आणि दगड अर्धवट राहतो. सिमेंटच्या वजनाच्या सुमारें २३ टक्के पाणी या संयोगांत कायमचें बांधलें जातें. प्रत्यक्षांत त्याहून बरेंच जास्त घालावें लागतें, कारण तें कालवतां व पसरतां आलें पाहिजे. परंतु गरजेपेक्षां जें अधिक पडतें तें पुढें उडून जातें आणि त्याच्या जागीं सूक्ष्म छिद्रें ठेवून जातें. सिमेंटच्या मानानें पाणी जितकें वाढेल तितकी काँक्रीटची ताकद घटते, हा नियम अमेरिकेंतील डफ एब्रम्स यांनीं १९१८ सालीं मांडला. ५० किलोच्या पोत्यास २२ ते २५ लिटर पाणी पुरतें. वाळू ओली असेल तर तिच्या अंगचें पाणीहि यांतच धरावयाचें. पण हातानें माल पसरणाऱ्या मजुराला तो पातळ असला म्हणजे सोपा जातो. तेव्हां घमेल्यावर घमेलें पाणी पडतें, आणि पोत्यामागें ३० लिटरांची मजल केव्हां ओलांडली हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

पातळ माल टाकला कीं थोड्या वेळानें पाणी वर येतें आणि आपल्याबरोबर सिमेंटचा व वाळूचा बारीक साका घेऊन येतें. येथेंच मिस्त्री ती प्रसिद्ध युक्ति करतो: वरच्या पाण्यावर कोरडें सिमेंट भुरभुरतो आणि थापीनें घोटून जमीन आरशासारखी करतो. मालक खूष होतो. ही आरशासारखी साय सशक्त नसते. ती वरच्या वर बसलेली असते. कांहीं दिवसांत तिला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात आणि नंतर तिची भुकटी होऊं लागते. पाणी आपोआप जिरेपर्यंत किंवा उडेपर्यंत थांबणें, आणि पाऊल टाकलें असतां जेमतेम ठसा उमटेल इतका माल घट्ट झाल्यावरच शेवटची घोटाई करणें, एवढाच त्यावर उपाय आहे. अलीकडे ‘ट्रिमिक्स’ या नांवानें चालणाऱ्या पद्धतींत निर्वात पंपानें हें जादा पाणी शोषून घेतात आणि मग यंत्रानें घोटतात. मोठ्या जमिनीस ती पद्धत चांगली. दहा बाय वीस फुटांच्या गाळ्यास धीराचा मिस्त्री पुरतो.

यापुढील काम म्हणजे पाणी मारणें. सिमेंटच्या जमिनीचें खरें चोपणें हेंच. पुण्याची चैत्र-वैशाखांतील हवा अत्यंत कोरडी, आणि दुपारीं वाराहि सुटतो. उघड्या गाळ्यांत सकाळीं टाकलेला कोबा संध्याकाळपर्यंत वरून तडकलेला आढळतो. म्हणून अशा दिवसांत माल उन्हें कलल्यावर टाकावा, दारें-खिडक्या गोणपाटानें झांकाव्या, आणि दुसऱ्या दिवशीं कडेनें मातीचे बांध घालून दोन बोटें पाणी उभें करावें. दिवसांतून दोनदां नळी फिरविणें म्हणजे पाणी मारणें नव्हे. दोन फेऱ्यांच्या मध्यें जमीन वाळते आणि प्रत्येक वेळीं संयोग खंडित होतो. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तींत साध्या सिमेंटास किमान ७ दिवस, हवा उष्ण व कोरडी असल्यास १० दिवस ओल ठेवावी असें सांगितलें आहे. औष्णिक वीजकेंद्रांतील राख मिसळलेल्या सिमेंटास किमान १० दिवस, आणि शक्य तर १४. बाजारांत मिळणारें पुष्कळसें सिमेंट या राखेच्या जातीचें असतें, हें पोत्यावर वाचल्यावांचून कळत नाहीं. तें सावकाश कठीण होतें, पण पाणी मिळाल्यास शेवटीं कमी पडत नाहीं.

येथें मालकाची तारीख आड येते. चौदा दिवस गाळा अडून राहिला तर भाडें अंगावर पडतें, हें खरें. परंतु या काळांत विजेच्या तारा, छप्पर, भिंतींचा रंग हीं कामें उरकतां येतात. आणि बसलेलें यंत्र उचलून जमीन पुन्हां करण्याचा खर्च पंधरवड्याच्या भाड्याहून कितीतरी अधिक असतो.

आतां औषधांविषयीं. हार्डनर दोन प्रकारचे. एक कोरडी पूड असते: लोखंडाचा कीस किंवा कुरुंदासारखी कठीण दगडी चुरी, सिमेंटांत मिसळलेली. ती ओल्या कोब्यावर पसरून घोटावयाची असते. जेथें लोखंडी चाकांच्या गाड्या फिरतात तेथें तिचा खरा उपयोग. जेथें पाणी सांडतें तेथें लोखंडाची पूड मात्र नको, गंजाचे डाग पडतात.

दुसरा प्रकार पातळ. सोडियम सिलिकेट, म्हणजेच वॉटर-ग्लास. जर्मनींतील फुक्स या रसायनज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तें प्रसिद्धीस आणलें. कपडे धुण्याचा साबण करणाऱ्यांस तें परिचित आहे. सिमेंटचा संयोग होतांना कांहीं चुना मोकळा सुटतो. सिलिकेट छिद्रांत शिरून त्या चुन्याशीं मिळतें आणि छिद्रें दगडासारख्या पदार्थानें बुजवितें. महिनाभरानें स्वच्छ व कोरड्या जमिनीवर, एका भागास चार भाग पाणी घालून, दिवसाआड तीन हात द्यावे, आणि पृष्ठावर राहिलेला पांढरा थर प्रत्येक वेळीं धुवून टाकावा. तें डोळ्यांस व कातडीस झोंबतें; हातमोजे व चष्मा हवाच. राखेच्या सिमेंटांत मोकळा चुना कमी उरतो, म्हणून तेथें गुणहि कमी दिसतो. आणि ज्या जमिनीचा वरचा थरच भुसभुशीत झाला आहे तेथें हें औषध काय करणार? खिळ्यानें ओरखडा काढून पाहावा. खोल पांढरी रेघ उठून भुकटी निघाली तर आधीं तो थर घासून काढणें भाग आहे. आणि तें घासणें पाणी घालूनच व्हावें. कोरड्या घासण्यानें उडणाऱ्या धुळींत वाळूंतील गारेचा अंश असतो, आणि असें काम वर्षानुवर्षें करणाऱ्याच्या फुफ्फुसांत सिलिकोसिस हा न बरा होणारा विकार जडूं शकतो.

सारवणाची पाळी सर्वांच्या शेवटीं. सिलिकेट तेलाचे डाग थोपवीत नाहीं, आणि बॅटरींतील आम्ल तर मुळींच नाहीं. त्यासाठीं वर पापुद्रा धरणारें रसायन लागतें, इपॉक्सीसारखें. तें लावण्यापूर्वीं दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनीं चिकटवून १६ तास तसाच ठेवावा. उचलल्यावर खालीं दंव दिसलें किंवा जमीन काळवंडली असली तर आंतील ओल अजून वर येत आहे. तीवर इपॉक्सी लावल्यास फोड येतील. पावसाळ्यांत ही परीक्षा बहुधा फसते, म्हणून दिवाळीनंतरचा काळ बरा. शिवाय सर्वत्र इपॉक्सी लावण्याचें खूळ बरें नव्हे. वेल्डिंगच्या ठिणग्यांनीं व लेथच्या तापलेल्या किसानें ती जळते. बॅटरीची खोली, रंगाची खोली येथें ती असावी. लेथखालीं सिलिकेटच पुरे. जेथें धातु वितळवून ओततात तेथें तर काँक्रीटच नसावें. वितळलेला रस पडतांच आंतील ओलीची वाफ होऊन त्याचे टवके उडतात, म्हणून ओतकामाच्या कारखान्यांत जमीन वाळूची ठेवण्याची चाल आहे.

एक गोष्ट राहिली. चार इंच जाडीच्या कोब्यास दर आठ ते बारा फुटांवर, माल टाकल्यापासून एका दिवसाच्या आंत, जाडीच्या चौथाईइतकी खोल खांच कापावी. नाहींतर कोबा आक्रसतांना आपल्या मर्जीनें तडकतो. या खांचा लगेच भरूं नयेत. कोबा पुढेंहि कित्येक महिने आक्रसत राहतो, आणि लौकर भरलेला मसाला एका कांठापासून सुटतो. तोंपर्यंत लोखंडाचा कीस आंत जाऊं नये म्हणून खांचेंत सुतळीचा दोर दाबून ठेवावा, आणि वर्षाच्या आसपास तो काढून मग मसाला भरावा.