'वक्ता' या शब्दाचे स्त्रीलिंग

व्याकरण शिकविताना लिंगविचाराच्या पाठात मी वर्षानुवर्षे एक प्रश्न विचारीत असे. कवी आणि कवयित्री, लेखक आणि लेखिका, विद्वान आणि विदुषी ही जोडपी मुले धडाधड सांगत. परंतु 'वक्ता' या शब्दापाशी आली की वर्ग थबके. 'वक्त्री' हे रूप व्याकरणशुद्ध आहे, पण ते कोणाच्या तोंडी नाही. एके वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने उत्तर दिले, "बडबडी!" सारा वर्ग हसला आणि, खोटे कशाला सांगू, मीही हसलो. आजचे माझे भाषण त्या हसण्याविषयी आहे.

पुरुष सभेत तडफेने बोलला तर तो फर्डा वक्ता. त्याचे बोलणे झोंबले तर तो स्पष्टवक्ता. तेच शब्द बाईने उच्चारले तर ती तोंडाळ, फटकळ, आगाऊ. वर 'बायकांची अक्कल गुडघ्यात' ही म्हण आणि स्त्रीबुद्धीस प्रलयंकारी ठरविणारे सुभाषित हाताशी तयार असतेच. या शब्दांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत तिच्या म्हणण्याचे उत्तर कोठेच नसते. तिचा पुरावा अपुरा आहे काय, तिचा हिशेब चुकला आहे काय, याची चौकशी होत नाही. ती बोलली एवढ्यावरच निकाल लागतो.

आपल्या समाजाने स्त्रीचा आवाज कधी ऐकलाच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. मुक्ताबाई आणि जनाबाई यांचे अभंग आपण शतकानुशतके गात आलो आहोत. जात्यावरच्या ओव्यांवर तर आपला केवढा लोभ! गाण्याला आपली हरकत नव्हती. हरकत होती ती युक्तिवादाला. बृहदारण्यक उपनिषदातील गार्गीचीच गोष्ट घ्या. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याने तिला, फार विचारू नकोस, नाही तर मस्तक गळून पडेल, असे बजावले, एवढे आपण आवडीने सांगतो. पुढचा भाग सहसा सांगत नाही. त्याच अध्यायात गार्गी सभेची अनुमती घेऊन पुन्हा उभी राहते, आणखी दोन प्रश्न बाणांसारखे सोडते, आणि याज्ञवल्क्यास कोणी जिंकू शकणार नाही हा निर्णयही जमलेल्या ब्राह्मणांना तीच ऐकवते. गप्प बसविलेली गार्गी तेवढी आपण लक्षात ठेवली. पुन्हा उठलेली विसरलो.

अर्वाचीन महाराष्ट्रात हा प्रकार लख्ख दिसून आला तो १८८२ साली. त्या वर्षी पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. त्यांच्या संस्कृत विद्वत्तेवर लुब्ध होऊन कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ सालीच त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या होत्या. पुराणातील श्लोक त्यांच्या मुखातून ऐकताना लोक माना डोलवीत. परंतु १८८२ च्या सप्टेंबरात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी श्लोक म्हटले नाहीत. सुशिक्षित म्हणविणाऱ्या पुरुषांपैकी बहुतेक सारे स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत आणि बाईचा मोहरीएवढा दोष ते पर्वताएवढा करून दाखवितात, असे त्यांनी सांगितले. मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-तपासनीस हव्यात, आणि पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांचे जीव वाचावेत म्हणून स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण मिळावे, ही त्यांची मागणी होती. साक्ष मराठीत झाली. हंटरसाहेबांनी ती मुद्दाम इंग्रजीत उतरवून घेतली.

पुढे १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे पाचवे अधिवेशन भरले. त्याच्या जोडीने झालेल्या सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध रमाबाई बोलल्या. त्यांच्या सभांविषयी एक आठवण सांगितली जाते. समुदाय मोठा, गलबला फार. त्यांचा आवाज मागे पोहोचेना. त्या शांतपणे थांबल्या आणि गलबला निवाल्यावर म्हणाल्या की, माझा आवाज लहान असल्यास नवल नाही, कारण तो मोठा करण्याची संधी तुम्ही स्त्रीस कधी दिलीच नाही.

शिक्षक या नात्याने या उद्गाराची सत्यता मी पदोपदी अनुभवली आहे. पहिल्या भाषणाच्या वेळी मुलाचेही पाय लटपटतात, घसा कोरडा पडतो, पाठ केलेले वाक्य विसरते. त्यास आपण म्हणतो, 'पुढच्या खेपेस जमेल.' मुलीचे तसेच झाले की म्हणतो, 'तिला ते झेपत नाही.' मुलाला सराव कमी पडला असे ठरते; मुलीचा जातिस्वभावच तसा, असे ठरते.

त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक पुण्यास छापले गेले. प्रती पाचशे. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचे. नवजात अर्भकाची हत्या केल्याबद्दल तिला १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, मागाहून ती कमी करण्यात आली. पण वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या अनीतीवर ताशेरे झडले. त्या मुलाच्या बापाचे नाव कोणी विचारले नाही. ताराबाईंनी विचारले. स्त्रियांच्या अंगी चिकटविलेले दुर्गुण त्यांनी एकेक घेतले आणि पुरुषांच्या अंगी ते किती आहेत याचा हिशेब मांडला, तोही घरगुती, खणखणीत मराठीत. त्यावर निंदेचा गहजब उठला. जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पहिलेही विस्मृतीत गेले, ते १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हाच वाचकांच्या हाती आले. त्र्याण्णव वर्षे! या अवधीत आपण स्त्रियांच्या बडबडीवर किती विनोद छापले असतील याची गणती मी श्रोत्यांवरच सोपवितो.

सारा दोष पुरुषांच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे १९१० सालचे पुस्तक पुष्कळ घरांतून वाचले गेले आहे. इंग्रजी शिकल्याबद्दल आणि सभेत चारचौघांपुढे वाचल्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या बायकांनीच त्यांना किती टोचून बोलावे, हे त्यात आले आहे. ज्यांना स्वतःला कधी बोलू दिले गेले नाही, त्यांनाच दुसरीचे बोलणे अधिक खुपते, असे मला वाटते.

आज कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. खुर्ची मिळाली. पण खुर्चीवर बाई आणि बोलणारे यजमान, हा देखावा कित्येक गावांनी पाहिला असून 'सरपंचपती' असा एक नवा शब्दही भाषेत रूढ झाला आहे. वक्ता शब्दाचे स्त्रीलिंग ज्यांना सापडेना, त्यांना सरपंच शब्दाचा नवरा मात्र लगेच सापडला!

आता माझ्याकडे येतो. दहावीतील एक मुलगी एकदा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, "गुरुजी, स्नेहसंमेलनात मला भाषण करायचंय." मी कौतुकानेच म्हणालो, "तुझा गळा गोड आहे, तू स्वागतगीत बसव." तिने आठ मुली जमवून ते उत्तम बसविले. भाषण एका मुलाने केले. मी लिहून दिले होते ते.

निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यात मी तिच्या सासरच्या गावी एका स्नेह्याकडे उतरलो होतो. ग्रामसभा होती, म्हणून सहज जाऊन बसलो. बायकांच्या घोळक्यातून ती उठली. हातात मुलाची जुनी वही. "भाऊसाहेब, एप्रिलात आमच्या वस्तीवर टँकरच्या किती खेपा झाल्याची नोंद आहे, तेवढं वाचून दाखवा." मागून कोणी तरी ओरडले, "घरचं माणूस नाही का आलं कोणी?" हशा पिकला. या वेळी मला हसू आले नाही. पण मी त्या माणसाला गप्पही केले नाही. हशा ओसरेपर्यंत ती उभी राहिली आणि तोच प्रश्न तिने त्याच शब्दांत पुन्हा विचारला. ग्रामसेवकांनी नोंदवही उघडली आणि आकडा वाचला, एकोणीस. तिच्या वहीत तारखांसह खेपा होत्या अकरा.