शाळेसाठी मत कोणाला?



डिसेंबर 2025 मध्ये आपल्याकडे नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. प्रभागातला उमेदवार दारात येतो तेव्हा आपण त्याला काय विचारतो? गटार कधी होणार, नळाला पाणी किती वेळ येणार, रस्त्याचं डांबर का निघालं. प्रश्न रास्तच आहेत. पण आपली मुलं ज्या शाळेत जातात तिच्याबद्दल आपण त्याला सहसा विचारत नाही. शाळा ही सरकारची आणि गटार नगरसेवकाचं, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. आजचं व्याख्यान या वाटणीविरुद्ध आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीला आपली पुष्कळ मराठी माणसं स्थायिक झाली आहेत. तिथल्या बहुतेक गावांत नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर शाळा मंडळाचे उमेदवार असतात. निवडून आलेल्या सभासदाला मानधन नाही. तरीही शाळांचं अंदाजपत्रक मंजूर करणं आणि शाळांचा मुख्य अधिकारी नेमणं ही कामं त्या मंडळाची. उमेदवाराला लोकांसमोर उभं राहून शाळांबद्दलची मतं मांडावी लागतात. आज मी तुमच्यासमोर तसाच एक उमेदवार म्हणून उभा आहे असं समजा. ज्या जागेसाठी उभा आहे ती जागाच आपल्याकडे शिल्लक नाही, त्यामुळे डिपॉझिट जप्त होण्याची भीती नाही.

शिल्लक नाही म्हणालो, कारण ती एके काळी होती.

महात्मा फुल्यांनी ऑक्टोबर 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला ठाऊक असते. तिच्या मुळाशी पैशाचा हिशेब होता. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामानं भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, अशी त्यांची तक्रार होती. त्या काळी मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणासाठी असे. पैसा गावाचा, तर शाळेवर गावाचा हक्क किती, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुढे 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. शिरोळ करवीर संस्थानात आणि आपलं कुरुंदवाड पटवर्धनांच्या राज्यात, म्हणजे हद्द ओलांडली की कायदा बदलत होता. ब्रिटिश मुलखात 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकानं नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण लागू करण्याची मुभा मिळाली आणि 1923 च्या कायद्यानं प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात जिल्ह्यासाठी जिल्हा शाळा मंडळ आणि मोठ्या नगरपालिकांसाठी त्यांचं स्वतःचं शिक्षण मंडळ अशी रचना होती. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्याचं मंडळ त्यांच्यात विरलं. शहरांतली मंडळं मात्र आणखी अर्धशतक टिकली. 2013 मध्ये राज्य सरकारनं तीही गुंडाळायचं ठरवलं.

यात एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ही मंडळं होती तेव्हाही त्यांच्यासाठी तुम्ही-आम्ही थेट मत दिलं नव्हतं. नगरसेवक त्यांचे सभासद निवडत आणि काही सरकार नेमत असे. ज्याला नगरसेवकपद देता आलं नाही त्याला शिक्षण मंडळ, असा हिशेब गावोगाव चालायचा. शिक्षकांच्या बदल्या आणि गणवेशाच्या खरेदीवरून आरोप व्हायचे. हा रोग नवा नव्हता. 1923 नंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांतच त्याचा बोभाटा झाला होता आणि म्हणून 1938 मध्ये मंडळाचा प्रशासकीय अधिकारी सरकारनं नेमायचा असं ठरलं. मंडळं गेली तेव्हा फार कुणी रडलं नाही, याचं कारण इथे आहे. पण मंडळासोबत आणखी एक गोष्ट गेली. गावातल्या शाळेचं काय चाललंय, असं ज्याला बाजारात अडवून विचारता येईल असा माणूस उरला नाही.

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक यांनी या प्रश्नावर आयुष्य घालवलं. आजरा तालुक्यातलं बहिरेवाडी हे त्यांचं गाव. गारगोटीचं मौनी विद्यापीठ त्यांच्या पुढाकारानं उभं राहिलं, आणि 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव तेच होते. त्या आयोगानं जिल्ह्याला शाळा मंडळ असावं, शाळेपाशी स्थानिक समिती असावी आणि एका माध्यमिक शाळेभोवती जवळच्या प्राथमिक शाळांचं संकुल असावं, असं सुचवलं होतं. संकुलाची कल्पना 2020 च्या राष्ट्रीय धोरणात पुन्हा आली. म्हणजे आजऱ्याच्या माणसानं मांडलेली गोष्ट दिल्लीला जाऊन चोपन्न वर्षांनी परत आपल्याकडे आली आणि आपण तिला नवीन समजलो.

आता उमेदवार म्हणून माझी मतं. पहिलं मत असं की उमेदवारानं जे आपल्या हातात नाही त्याचं आश्वासन देऊ नये. शिक्षकभरती राज्याच्या हातात आहे. संचमान्यता, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक, तीही वरून ठरते. भाषेचं धोरण मुंबईत ठरतं. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला आणि जूनअखेर मागेही घेतला गेला. या दोन्ही वेळी कुठल्याही नगरसेवकाला कुणी विचारलं नव्हतं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, त्यांच्या समूहशाळा करायच्या का, ही चर्चाही 2023 पासून वरच चालू आहे. या विषयांवर स्थानिक उमेदवारानं जरूर बोलावं, निवेदनं द्यावीत. पण 'मी शिक्षक आणतो' असं तो म्हणाला तर त्याला कसे, ते विचारा.

दुसरं मत असं की स्थानिक हातात जे आहे ते आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ आहे. बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आपण त्यातलं पंचवीस टक्के प्रवेशाचं कलम तेवढं पाठ केलं, कारण त्यात इंग्रजी शाळेचं दार दिसतं. नववं कलम कुणी वाचत नाही. स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेची, कर्तव्यं त्यात लिहिली आहेत. हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहायचं. शाळांच्या कामकाजावर देखरेख ठेवायची. आणि शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवायचं.

हे शेवटचं वाक्य कृष्णा-पंचगंगेच्या काठावर मोठ्यानं वाचलं पाहिजे. 2005, 2019 आणि 2021 चे पूर इथल्या कुणाला सांगायला नकोत. जुलै-ऑगस्टमध्ये नदी पात्राबाहेर आली की शाळा बंद होते. जी शाळा उंचावर आहे ती निवारा केंद्र होते. शिक्षक मदतकार्याला लागतात, आणि कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात आपत्ती निवारणासाठी तशी मुभा आहे. पाणी ओसरलं तरी वर्गातला गाळ काढायला, भिजलेली दप्तरं वाळवायला आणखी दिवस जातात. दुसरीकडे कायदा म्हणतो की पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शिकवलं पाहिजे. बुडालेले दिवस पुढे कसे भरून काढायचे हे दर वेळी पूर आल्यावर ठरतं. माझं म्हणणं असं की ते जूनमध्येच ठरावं. नदीकाठच्या शाळांच्या वेळापत्रकात पुरासाठी राखीव दिवस छापलेले असावेत. पूर नाही आला तर ते दिवस मुलांना सुट्टी म्हणून मिळतील. आला तर कुठल्या शनिवारी पूर्ण वेळ शाळा, दिवाळीची सुट्टी किती कमी, हे पालकांना आधी ठाऊक असेल. शाळेची जनरल रजिस्टरं आणि पोषण आहाराचा तांदूळ जूनमध्येच वरच्या मजल्यावर जावा. या कामांना मंत्रालयाची परवानगी लागत नाही. लागतो तो एक ठराव आणि तो अमलात येतो का हे पाहणारा माणूस.

तिसरं मत ऊसतोड मजुरांच्या मुलांबद्दल. शिरोळ तालुका उसाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या येतात आणि मार्चच्या आसपास परततात. म्हणजे त्यांच्या मुलांचं दुसरं सत्र आपल्या फडात जातं. मूळ गावी हंगामी वसतिगृहाची सोय आहे आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धतही आहे. पत्रक घेऊन मूल आलं तरी ते घेणारं इथे कोण आहे? कारखान्याकडे टोळ्यांची यादी असते. त्या यादीतल्या मुलांची नोंद हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात जवळच्या शाळेच्या पटावर आली पाहिजे. आपण ज्यांच्या कष्टाची साखर खातो त्यांच्या मुलांना कोपीबाहेर धाकटं भावंड सांभाळत बसवून ठेवायचं आणि वर शाहू महाराजांच्या जिल्ह्याचा अभिमान सांगायचा, हे शोभत नाही.

चौथं मत पैशाचं. घरपट्टीचं बिल काढून पाहा. त्यात 'शिक्षण कर' अशी एक ओळ असते. 1962 च्या कायद्यानं बसवलेला हा कर नगरपरिषद गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. लोकल फंडाचा आणा गेला, पण फुल्यांनी मांडलेला हिशेब तसाच उभा आहे. तरीही अमेरिकेसारखा सगळा भार स्थानिक करावर टाका असं मी म्हणणार नाही. तिथे शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा घरांवरच्या करातून येतो, त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब राहते. तो उद्योग आपल्याला नको. शिक्षकांचा पगार आणि किमान दर्जा राज्याकडेच असावा. गावानं मागायची ती देखरेख आणि हिशेब.

मग ही देखरेख कुणी करायची? उत्तर 2009 च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमात आहे: शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधूनच. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदान कसं खर्च झालं ते पाहणं हे तिचं काम. खासगी अनुदानित शाळेत ती सल्ला देण्यापुरती आहे, पण जिल्हा परिषद आणि नगरपरिषदेच्या शाळेत तिला खरे अधिकार आहेत. कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. त्या काळात जिल्ह्यातल्या सरकारी शाळांवर लोकांनी निवडलेलं एकच काही उरलं होतं, ते म्हणजे ही पालकांची समिती. आणि तिची निवड बहुतेक ठिकाणी कशी होते? पालकसभेला आलेल्या आठ-दहा जणांतून मुख्याध्यापक म्हणतात, 'काकी, तुमचं नाव घालतो, इथं सही करा.'

यावर एक आक्षेप येईल. समितीला अधिकार आहेत याची आठवण करून दिलीत तर गावचं राजकारण शाळेत शिरेल, मंडळांचं झालं तेच हिचं होईल. भीती खोटी नाही. पण मंडळांचं वाटोळं झालं ते बदल्या आणि ठेके हातात होते म्हणून. समितीकडे शिक्षकाची बदली नाही आणि मोठी खरेदीही नाही. तिच्याकडे आहे ती आराखडा करण्याची आणि विचारण्याची ताकद. शिवाय तीन चतुर्थांश सभासद त्याच शाळेतल्या मुलांचे पालक असावे लागतात. ज्याचं मूल जयसिंगपूरच्या इंग्रजी शाळेच्या बसनं जातं त्या पुढाऱ्याला पालकांच्या जागेवर बसता येत नाही. ही अट जपली तर निम्मं राजकारण दाराबाहेरच राहतं.

आणि गावच्या ठरावानं काय होतं, असं किमान या परिसरात तरी कुणी विचारू नये. इथून जवळच्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवणारा आदेश काढला. मंत्रालयाची परिपत्रकं गावात येतात हे आपल्या सवयीचं. हेरवाडनं गावचा ठराव मंत्रालयात पाठवून दाखवला. पुराच्या वेळापत्रकाचा आणि फडावरच्या मुलांचा ठराव कुरुंदवाडमधून का जाऊ नये?

तेव्हा माझा जाहीरनामा तीन कामांचा आहे आणि ती करायला मला निवडून यायची गरज नाही, तुम्हालाही नाही. जूनमध्ये पालकसभेला जा. समितीची निवड हात वर करून, नावं पुकारून करायला लावा. शाळेचा विकास आराखडा मागून घ्या आणि त्यात पुराचे राखीव दिवस आहेत का ते पाहा. नसतील तर लेखी तक्रार द्या. 2009 च्या कायद्याच्या बत्तिसाव्या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाला तीन महिन्यांत त्यावर निर्णय द्यावा लागतो, आणि तक्रारीची पोच जपून ठेवा. नगरपरिषदेत आता तुम्ही निवडून दिलेले नगरसेवक बसले आहेत. पुढची पाच वर्षं गटाराबरोबर शाळेचाही प्रश्न त्यांच्या दारात न्या. दोन्ही त्यांच्याच कामाच्या यादीत आहेत.

आता प्रश्न विचारा. आणि उमेदवाराला विचारायचे असतात तसे विचारा.