उतारवयात पाय चालते ठेवा



घरातील वडीलधाऱ्या माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याला बसवायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. "आबा, तुम्ही बसा. जन्मभर राबलात, आता कशाला उठता?" असे म्हणत मुलगा पाण्याचा तांब्या हातात आणून देतो, सून ताट जागेवर मांडते आणि मळ्यात जायचे म्हटले की नातू मोटारसायकल काढतो. ह्यात माया आहे, नाही कोण म्हणेल? पण आज मला ह्या मायेविरुद्धच थोडे बोलायचे आहे.

अमेरिकेतील काही संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. साठी उलटलेल्या काही धडधाकट माणसांना त्यांनी दहा दिवस अंथरुणावर ठेवले. दुखणे काही नव्हते, खाणेपिणे व्यवस्थित होते. फक्त उठायचे नाही. दहा दिवसांनी मोजले तेव्हा त्यांच्या पायांतील मांस सरासरी जवळजवळ एक किलोने घटले होते. दहा दिवसांत एक किलो! आता विचार करा, साध्या तापाने आठ-दहा दिवस पडून राहिलेली आपली आजी, "अजून अशक्तपणा आहे, उठू नकोस" म्हणून आणखी महिनाभर खाटेवर बसवली जाते, तेव्हा तिच्या पायांचे काय होत असेल?

आणि हे मांस जाते म्हणजे काय जाते? जमिनीवरून हात न टेकता उठणे जाते. एस. टी.ची पायरी चढणे जाते. शेवटी रात्री उठून एकट्याने परसाकडे जाणे जाते. तिथवर गोष्ट आली की माणूस दुसऱ्याच्या हाताकडे बघू लागतो. म्हातारपणात मरणाची भीती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. "लोळागोळा होऊन पडू नये" एवढेच सगळे म्हणतात. ते टाळण्याच्या ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत, त्यांत चालणे ही सर्वांत स्वस्त.

तुम्ही म्हणाल, "आम्ही खेड्यातली माणसे. आम्हाला फिरायला जा म्हणून काय सांगता? ते शहरातल्या पेन्शनरांचे काम." एके काळी हे बरोबर होते. पण आता पाहा. विहिरीवरची मोटर घरी बसून मोबाइलवरून सुरू करता येते. पाण्याचा नळ पुष्कळ गावांत दारात आला. दळण गिरणीतून येते, तेही गाडीवरून. शेजारच्या वाडीतल्या शाळेत पायी जाणारे गुरुजी निवृत्त झाले आणि ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले. डोक्यावरचा हंडा परत आणा असे मी म्हणत नाही. तो गेला ते फार बरे झाले. पण हंड्याबरोबर चालणेही गेले, आणि ते मात्र आपण परत आणले नाही.

बसणे आणि हिंडणे ह्यांत किती फरक पडतो, ह्याचा एक प्रसिद्ध दाखला लंडनचा आहे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तेथील दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर ह्यांची तुलना करून १९५३ साली ती प्रसिद्ध केली. दोघे एकाच गाडीवर, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटांसाठी जिना चढत-उतरत. हृदयविकार कंडक्टर लोकांत कमी आढळला. टपाल वाटत हिंडणारे पोस्टमन आणि टेबलावर काम करणारे कारकून ह्यांतही असेच दिसले. ह्यात कुणी तालीम केली नव्हती, की जोर-बैठका काढल्या नव्हत्या.

चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायांत उतरलेले रक्त वर ढकलतात. तेच स्नायू रक्तातली साखर वापरतात. म्हणून मधुमेह असलेल्याने जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणात किंवा गल्लीत शतपावली घातली तर चांगला गुण येतो. आपल्या वाडवडिलांची शतपावली काही उगाच नव्हती. मात्र इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर लांब जाताना खिशात खडीसाखर असावी.

किती चालायचे? हल्ली मोबाइल पावले मोजतो आणि नातवंडे आजोबांना सांगतात, "दहा हजार व्हायला पाहिजेत!" हा आकडा आला कुठून? १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावातच 'दहा हजार पावले' असा अर्थ होता. तिथून तो पसरला. २०१९ साली अमेरिकेत म्हाताऱ्या बायकांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० पावलेवाल्यांपेक्षा बरेच कमी दिसले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फरक वाढत गेला नाही. तेव्हा दहा हजारांच्या धाकाने घरी बसू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तोही सलग हवा असे नाही. ज्याचे चालणे सुटले आहे त्याने देवळापर्यंत पाच मिनिटांनी आरंभ करावा. चाल अशी असावी की सोबत्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणायला लागलो तर दम पुरू नये.

वारीत सत्तरीची माणसे आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जातात, दिवे घाट चढतात. पाहून धन्य वाटते. पण वर्षभर बसून एकदम वारीला निघणारेही असतात, आणि त्यांचे गुडघे वाटेतच बोलू लागतात. महिना-दोन महिने आधीपासून रोज थोडे वाढवीत नेलेले बरे.

छातीत दुखले, घेरी आली, नेहमीपेक्षा फार दम लागला, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. चालताना पोटरी दुखते आणि उभे राहिले की थांबते, असे वारंवार झाले तर ती पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते; तेव्हाही दाखवावे. मधुमेह असलेल्याने अनवाणी चालू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही. घरी आल्यावर तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला पाहायला सांगावे.

काठीविषयी थोडे सांगतो, कारण आपल्याकडे काठी घ्यायला लोक लाजतात, आणि घेतलीच तर बहुतेकदा चुकीच्या हातात घेतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, आणि उजव्या पायाबरोबर पुढे टाकायची. हात सरळ खाली सोडून उभे राहिले की मूठ मनगटाच्या उंचीवर यावी. बुडाला रबर ठोका, म्हणजे ओल्या फरशीवर सटकणार नाही. कुत्र्यांनाही ती उपयोगी पडते.

ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते. त्या रस्त्याने पहाटे अंधारात जाऊ नका. जावेच लागले तर पांढरे कपडे घालून, समोरची वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चाला. त्यापेक्षा शाळेचे मैदान बरे.

आणि म्हणून शिक्षक मंडळींना एक काम सांगतो. लांबी मोजण्याचा धडा वर्गात फूटपट्टीवर शिकवण्याऐवजी मुलांना टेप देऊन शाळेपासून देवळापर्यंतचे अंतर मोजायला लावा. दर शंभर मीटरवर चुन्याने खूण करू द्या, आणि दोनशे मीटरवर सावलीत एखादा बसायचा दगड शोधून ठेवायला सांगा. मग प्रत्येकाने आपल्या आजीला किंवा आजोबांना पहिल्या खुणेपर्यंत घेऊन जावे आणि ती किती पावलांत पोचली ते वहीत लिहावे. पुढच्या आठवड्यात दुसरी खूण.